पांढऱ्या गाडीतली गिरणी

गिरणी चालवणाऱ्या बाईला रंग विचारला तर ती पांढराच सांगणार. पांढऱ्यावर पीठ दिसत नाही. माझ्या गिरणीच्या भिंती पांढऱ्या, दार पांढरं, पंखा पांढरा, आणि दुपारनंतर मीसुद्धा. त्यामुळे आमच्या बचत गटानं ती जुनी अँब्युलन्स घेतली आणि रंगाचा विषय निघाला, तेव्हा मी तो एका वाक्यात मिटवला. "रंग बदलायचा नाही, आहे तो आपल्याच धंद्याचा आहे." आमचे हे म्हणाले, पांढरी गाडी उन्हात तापत नाही. गाडी दुरुस्त करणारे लेथवाले मिस्त्री म्हणाले, रंगाचं काम माझ्याकडे होतही नाही. आमचं तिघांचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं होतं. खरं तर तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

माझी गिरणी सातपूरला, कामगारांच्या वस्तीत. लग्न होऊन आले तेव्हा ती सासऱ्यांची होती, आता माझी आहे, आणि हे मी कुणाला विसरू देत नाही. आमचे हे कारखान्यात ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यापासून गिरणीत खुर्ची टाकून बसायचे आणि गिरणी कशी चालवावी ते मला शिकवायचे. त्यांना काहीतरी काम लावून देणं निकडीचं झालं होतं. पण अँब्युलन्स घेतली ती त्यांच्यासाठी नाही. ती घेतली थोरलीसाठी.

थोरली म्हणजे माझी मोठी बहीण. तोंडावर मी तिला आक्का म्हणते. त्र्यंबकच्या पलीकडे डोंगरात एका पाड्यावर तिला दिली, आणि मेहुणे गेल्यापासून ती तिथं एकटीच राहते. तिचे दोन्ही मुलगे कारखान्यांत नोकरीला, घरं इकडं शहरात. आईनं आपल्याकडं येऊन राहावं असं दोघांना मनापासून वाटायचं. पोरं गुणी आहेत, यात मला काही बोलायचं नाही. पण थोरली त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर आली की एक दिवस हौसेनं राहते, दुसऱ्या दिवसापासून खिडकीला लागून उभी राहते आणि कुणाशी धड बोलत नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

मागच्या पावसाळ्यात ती अंगणातल्या शेवाळावरून घसरली आणि खुब्यावर पडली. ऑपरेशन झालं, हातात काठी आली, आणि काठी टेकत ती परत पाड्यावर गेली. पोरांचा धीर सुटला. दिवाळीत मोठा भाचा माझ्या घरी बसून चिडून म्हणाला, "मावशी, संक्रांतीपर्यंत बघतो. नाहीतर सरळ अँब्युलन्स नेतो दारात आणि उचलून आणतो तिला." हेच त्यानं तिलाही फोनवर ऐकवलं होतं. तिनं मला सांगितलं, "येऊ दे की. आतून कडी घालीन." तेव्हा मी हसले होते.

घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी, दळणापाशी. चूल ती बसून पेटवायची, भाकरी बसून थापायची, कोंबड्यांशी भांडणही बसूनच करायची. पण जातं ओढायला खुबा साथ देत नव्हता. खालच्या गावातला गिरणीवाला मुलाकडं शहरात गेला आणि ती गिरणी बंद पडली. त्याच्या पुढची गाठायची तर डोक्यावर ओझं घेऊन अर्धा दिवस मोडायचा. पाड्यावरच्या तरण्या बायका कुरकुरत का होईना, जायच्या. थोरलीचं ओझं त्यांनी एकदा नेलं, दोनदा नेलं, तिसऱ्यांदा थोरलीनंच दिलं नाही. मी तिला घरघंटी नेऊन बसवली, पण विजेचा दाब इतका कमी की नागली, म्हणजे नाचणी, बघूनच ती बंद पडायची. शेवटी माझ्या गिरणीतलं पीठ नेऊन दिलं, तर बाईसाहेब म्हणाल्या, "माझ्या कणगीत नागली हाय. मला दुसऱ्याचं पीठ कशाला?"

"अगं, मी दुसरी आहे का?"

"पिठापुरती हायेस."

आता हिच्याशी काय बोलणार? पण चुलीवर तवा चढत नसेल तर पोरांचं म्हणणं खरं होतं, आणि तिलाही ते कळत होतं. संक्रांतीपर्यंत तिच्या कणगीतली नागली तिच्या दारात दळून मिळाली नाही, तर ती त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत उभी राहणार होती. मी गिरणीवाली, आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं घर पिठावाचून बंद पडायला आलेलं. मला याची लाज वाटत होती आणि संतापही येत होता. संताप आला की माझी कामं भराभर होतात.

मिस्त्रींच्या शेडमागं एका धर्मादाय दवाखान्याची अँब्युलन्स कित्येक पावसाळे उभी होती. दवाखान्यानं नवी गाडी घेतली, ही दुरुस्तीला म्हणून आली आणि तिथंच राहिली. चाकं बसलेली, आत मांजर व्यायलेली. मी रोज तिच्यावरून जायची. एका सकाळी थांबले आणि मागचं दार उघडून आत डोकावले. दुसऱ्या कुणाला आत आजारपण दिसलं असतं. मला दिसली सपाट जमीन, रुंद दार, छपराला हवा खेळायला झडप, हात धुवायला छोटं बेसिन, आणि ओझं आत घ्यायला रुळांवरून सरकणारं स्ट्रेचर. दवाखान्यानं माझ्यासाठी अर्धी गिरणी बांधूनच ठेवली होती. "मिस्त्री," मी तिथूनच ओरडले, "ही चालती करायची."

"वहिनी, हिचं आयुष्य संपलंय."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

बचत गटात विषय मांडला तेव्हा मला फार बोलावंच लागलं नाही. आमच्यातल्या निम्म्या बायका त्याच डोंगरांतून सातपूरला आलेल्या. प्रत्येकीची वर कुणी ना कुणी थोरली आहे. दवाखान्याच्या लोकांना जागा मोकळी होण्याचाच आनंद होता, त्यांनी भंगाराच्या भावात गाडी आमच्या नावावर करून दिली. मग सगळा पावसाळी चिखल खरवडण्यापासून सुरुवात झाली. गंजलेली जमीन कापून नवा पत्रा बसवला. मागचे स्प्रिंगचे पाटे बसले होते, त्यांत जादा पाटे घातले, कारण माणसाचं वजन वेगळं आणि दगडी चक्कीचं वेगळं. ब्रेक आणि क्लच आमच्या ह्यांनी स्वतः पाहिले, आणि महिनोन्महिन्यांत पहिल्यांदा मला गिरणीत कुणी काही शिकवलं नाही.

इंजिन निफाडकडच्या एका नातेवाइकाच्या विहिरीवर पडून होतं, मोटर यायच्या आधी पाणी उपसणारं डिझेलचं. ते आणून मागच्या दाराशी बसवलं आणि पट्ट्यानं चक्कीला जोडलं. चक्कीच्या दगडाला छिन्नीनं खाचा पाडायची टाकी मात्र मी कुणाला लावू दिली नाही. नागलीचा दाणा बारीक असतो, टाकी जरा खोल गेली की पिठाऐवजी भरडा पडतो. पहिल्या चाचणीला गाडी गहू दळता दळता हादऱ्यानं इंच इंच पुढं सरकत मिस्त्रींच्या शेडकडे निघाली. मग मिस्त्रींनी चार कोपऱ्यांना खाली सोडायचे चार लोखंडी पाय केले. सलाइन अडकवायच्या हुकाला मी वजनाचा ताणकाटा अडकवला. कापूस ठेवायचा स्टीलचा डबा आमच्या ह्यांनी नटबोल्ट ठेवायला घेतला. स्ट्रेचरची गादी काढून टाकली, पट्टे ठेवले, आणि त्याच्यावर बायकांनी डबे, पाट्या ठेवायच्या असं ठरलं. कमरेएवढ्या उंचीवर ठेवायचं आणि आत ढकलायचं, वाकायला नको. हे सुचल्यावर मी दिवसभर स्वतःवर खूष होते.

मिस्त्रींचा अभिमान वेगळ्याच गोष्टीत होता. त्यांनी इंजिनाला असा सायलेन्सर बसवला की शेजारच्या शेडमधल्या माणसालासुद्धा दळण चालू आहे हे कळेना. "वहिनी, आवाज म्हणून येणार नाही," ते म्हणाले. सातपूरला ही मोठीच गोष्ट. इथं गिरणीच्या आवाजावरून माझी किती जणांशी भांडणं झाली, ते मलाच माहीत. मी त्यांना चहा पाजला.

पासिंगला गेलो तेव्हा आरटीओतल्या साहेबांनी सायरन आणि दिवा काढून ठेवायला लावला आणि गाडीवरचं नाव खरवडायला सांगितलं. आम्ही खरवडलं. पण इतकी वर्षं झाकलेला पत्रा तेवढाच उजळ राहिला होता, नीट पाहिलं तर अक्षरं वाचता यायची. मी म्हटलं, नीट कोण बघतंय?

संक्रांत तोंडावर आली असताना एका बुधवारी आम्ही दोघं निघालो. थोरलीला कळवलं नव्हतं. तिच्याकडं फोनला रेंज मिळाली तर मिळाली, आणि शिवाय मला तिचं आश्चर्यानं उघडं पडलेलं तोंड बघायचं होतं. त्र्यंबक रस्त्यावर देवदर्शनाच्या गाड्यांची ही गर्दी. पण आमच्यापुढच्या गाड्या आपोआप कडेला व्हायच्या. नाक्यावरच्या पोलिसानं दुसऱ्या गाड्या थांबवून आम्हाला वाट करून दिली. आमचे हे नुसते फुलले होते. "बघ, ड्रायव्हिंग असं असतं," म्हणाले. मीही मान डोलावली. आम्हाला दोघांना मिळून जेवढी अक्कल आहे ती त्या दिवशी घरीच राहिली असावी.

पाड्याच्या तोंडाशी पहिल्या घराच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता. आम्हाला बघून तो उठून उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. पुढच्या अंगणातल्या बाईनं पोराला काखेत मारलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी खिडकीतून हात हलवत होते. कुणी हलवेना. थोरलीच्या अंगणात गाडी उभी राहिली तेव्हा ती दारात बसून वाल सोलत होती. तिनं गाडी पाहिली, मला पाहिलं, काठी उचलली, आणि त्या खुब्यासकट इतक्या चपळाईनं आत गेली की मी पाहतच राहिले. आतून कडी वाजली.

"आक्का, अगं मी आले!"

"दिसलं मला. गाडीबी दिसली."

"मग दार उघड की."

"नाय उघडायची. पोरांना तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून मावशीला पुढं केलं व्हय? मी नाय येयची. हितंच मरन, पण त्या खुराड्यात नाय येयची."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी वळून गाडीकडे पाहिलं. पांढरी गाडी, मागं दोन दारं, बाजूला खरवडलेलं आणि तरी वाचता येणारं नाव. दोन महिने मी त्या गाडीला गिरणी म्हणत होते, त्यामुळे मला ती गिरणी दिसत होती. जगाला ती अँब्युलन्स दिसत होती, आणि माझ्या बहिणीला ती तिला न्यायला आलेली दिसत होती.

"आक्का, ती अँब्युलन्स नाही, ती गिरणी आहे!"

आतून थोरली म्हणाली, "मी पडले ती खुब्यावर. डोक्यावर नाय पडले."

आमच्या ह्यांना हसू फुटलं. मला नाही. मला रडू येत होतं. सगळ्या जगानं काहीही समजावं, पण मी तिला उचलून न्यायला आले असं थोरलीला वाटावं, हे मला फार लागलं. लहानपणी माझ्या वाटणीचं ओझं आपल्या डोक्यावर घेणारी ही. मी दारावर थाप मारत राहिले, शपथा घातल्या, आईची आण घातली. कडी निघेना. तोवर पाड्यावरच्या दोन-चार बायका लांब कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "मावशे, खरंच गिरणी हाय का?"

"खरंच आहे. अहो, इंजिन चालू करा!"

ह्यांनी हँडल मारलं. इंजिन सुरू झालं आणि मिस्त्रींच्या सायलेन्सरमधून मऊसूत घुरघुरायला लागलं. दाराआडून थोरली ओरडली, "चालू केली गाडी? जा आता. पोरांना म्हणावं, आईनं कडी घातली."

कुंपणाशी उभी असलेली ती बाई मान हलवत म्हणाली, "गिरणी असती तर आवाज नसता का आला?"

तिचं म्हणणं ऐकलं मात्र, आणि मला आमच्या माहेरच्या गावची गिरणी आठवली. तीही अशीच डिझेलवर चालायची. तिच्या धुराच्या नळकांड्याच्या तोंडावर गिरणीवाल्यानं पत्र्याचं डबडं तारेनं सैल अडकवलेलं असायचं. धुराच्या प्रत्येक दणक्याला ते वाजायचं, पुक्, पुक्, पुक्, आणि चार शिवारांत कळायचं की गिरणी चालू झाली. घड्याळ कुणाकडं होतं? तो आवाज आला की आई पाट्या भरायची, आणि थोरली न् मी बांधावरून पळत सुटायचो, पहिला नंबर लावायला. आवाज थांबायच्या आत पोचलो नाही तर दळण दुसऱ्या दिवसावर आणि आईचा धपाटा त्याच दिवशी. आणि आम्ही शहाण्यांनी काय केलं होतं? गिरणीचा आवाजच बंद करून ती डोंगरात आणली होती.

"सायलेन्सर काढा," मी ह्यांना म्हटलं.

"काय?"

"काढा म्हणते ना! आणि तो नटबोल्टांचा डबा रिकामा करा."

आमच्या ह्यांची एक गोष्ट चांगली आहे, मी खरोखर चिडले की ते प्रश्न विचारत नाहीत. इंजिन बंद केलं, पाने काढले, गरम सायलेन्सर फडक्यात धरून उतरवला, तोंडानं मिस्त्रींची क्षमा मागितली. छपरातून वर आलेल्या नळकांड्यावर तो कापसाचा डबा पालथा घातला आणि तारेनं सैल बांधला. मग पुन्हा हँडल मारलं.

पुक्. पुक्. पुक्.

आधी अडखळत, मग एका लयीत. समोरचा डोंगर ते परत आमच्याकडं फेकायला लागला. कुंपणापाशी उभ्या बायकांमधली एक वयस्कर बाई हसली आणि घराकडं चालायला लागली, मग दुसरी पळत गेली. मी मात्र थोरलीच्या दाराकडे बघत होते. त्या आवाजात कडी निघालेली ऐकू आली नाही. दार उघडलेलंच दिसलं.

ती काठी टेकत अंगणात आली. माझ्याकडं तिनं पाहिलंच नाही. मान वर करून छपरावर बघत राहिली आणि म्हणाली, "डबडं वाकडं बसलंय. सरळ केलं तर लांब जाईल आवाज."

ह्यांनी वर चढून डबडं सरळ केलं. ती गाडीच्या मागं आली, चक्कीवर हात फिरवला, दगड बोटांनी चाचपला. "टाकी कुणी लावली?"

"मी."

"बरी लावलीस." मग तिची नजर स्ट्रेचरवर गेली आणि चेहरा परत आंबट झाला. "ह्याच्यावर मला झोपवायचं व्हतं ना पोरांना?"

"असेल. पण मी ते तुझ्या नागलीसाठी आणलंय."

"मंग तिलाच झोपव."

तोवर बायका पाट्या, डबे, गोण्या घेऊन येऊन नंबर लावायला लागल्या होत्या. पण पहिला नंबर थोरलीचा, यावर कुणी तक्रार केली नाही. ह्यांनी आतून कणगीतली नागली काढून आणली, ताणकाट्याला लावली, स्ट्रेचरवर ठेवली आणि आत ढकलली. मी चक्की लावली. करड्या रंगाचं गरम पीठ पडायला लागलं तसा थोरलीनं त्यात हात घातला, चिमूट बोटांत घासली, जिभेवर ठेवली. मग हात तसाच पिठात ठेवून उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "धूर लय करतंय तुझं इंजन," ती म्हणाली. धूर वाऱ्यानं दुसरीकडे चालला होता. मी म्हटलं, "हो, बघते त्याचं काहीतरी."

उन्हं कलेपर्यंत दळण चाललं. थोरली दारात बाजेवर बसून सगळ्यांना हुकूम सोडत होती, तांदूळ आत्ता नको, आधी सगळ्यांच्या नागल्या होऊ द्या. मध्येच आत जाऊन तिनं भाकऱ्या थापल्या, आणि आम्ही दोघांनी वालाच्या भाजीबरोबर त्या खाल्ल्या. निघायच्या वेळी तिनं पिठाचा एक मोठा डबा ह्यांच्याकडं दिला.

"हे कुणाला?"

"पोरांना. त्यांना माझ्यासाठी गाडी धाडायची व्हती ना? आलीच हाय गाडी, तर रिकामी कशाला जायची?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "दर बुधवारी येशील?"

"दर बुधवारी."

"मंग बास." तिनं ह्यांना तो डबा स्ट्रेचरवर ठेवायला लावला आणि पट्टा आवळून स्वतः बक्कल लावलं.

सातपूरला यायला अंधार झाला. मोठ्या भाच्याच्या इमारतीखाली गाडी उभी केली आणि मी त्याला फोन करून खाली बोलावलं. दारात अँब्युलन्स बघून त्याचा चेहरा उतरला. त्यानं घाईघाईनं मागचं दार उघडलं आणि आत पाहिलं. स्ट्रेचरवर पट्ट्यानं बांधलेला पिठाचा डबा होता.

"आई?"

"ती घरी आहे. तिनं पीठ पाठवलंय. तिच्या कणगीतलं, तिच्या दारात दळलेलं."

त्यानं पट्टा सोडला, डबा दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला आणि झाकण किलकिलं करून वास घेतला.

"मावशी, परत कधी जाणार तुम्ही?"

"पुढच्या बुधवारी."

"मग त्याच्या आत डबा रिकामा करून देतो," तो म्हणाला. "तिला लागेल."